यमुनेचे धर्मांतर वजा जाता

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एम.ए.च्या वर्गात शिकवली जाते, ती वजाबाकी करून. विधवांची दुःखे प्रबोधनाच्या खाती जमा; यमुनेचे ख्रिस्ती होणे मात्र ‘प्रचार’ म्हणून वजा. वायल्डर मेमोरियल चर्च ज्या गावात उभे आहे, त्या आमच्या कोल्हापुरातही हेच. हा हिशेब आम्हांस मान्य नाही.

पदमनजी १८५४ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी जातिभेद झुगारणाऱ्या परमहंस सभेत वावरले होते. म्हणजे आधी संशय, मग श्रद्धा; आणि तीही वाचून, वाद घालून. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्रैक्याच्या सिद्धांतावरून इंग्लंडातील आपल्या धर्मगुरूंशी पत्रांतून भांडण मांडले. याला बुद्धिप्रामाण्य म्हणायचे नाही, तर कशाला? जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, थॉमस पेन वाचला आणि ख्रिस्ती न होता ‘निर्मिका’पाशी पोचले. त्यांना आम्ही विचारवंत म्हणतो (योग्यच आहे), पदमनजींना मात्र धर्मप्रचारक!

‘यमुनापर्यटनातील समाजचित्रण’ हा ठरलेला प्रश्न पुन्हा आलाच, तर विद्यार्थ्यांनी यमुनेचे धर्मांतरही त्या समाजचित्रणात धरावे. गुण कापणाऱ्या परीक्षकांनी कारण लिहून द्यावे.