गंबो : भेंडीच्या नावाचे सूप

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे लुइझियाना हे राज्य आहे. तेथील घरोघरी ‘गंबो’ नावाचे दाट, तिखट सूप भातावर घालून खाल्ले जाते. कोंबडी, कोळंबी, सॉसेज आणि भरपूर कांदा-लसूण ही त्याची नेहमीची सामग्री. ती वाचून जैन कुटुंबाने पान उलटावे हे स्वाभाविक आहे. परंतु या पदार्थाला नाव मिळाले ते मांसावरून नव्हे. आफ्रिकेतील बांटू भाषांत भेंडीला जो शब्द होता, त्यावरून ‘गंबो’ हा शब्द आला, असे सामान्यतः मानले जाते. लुइझियानाच्या फ्रेंच बोलीत आजही भेंडीला हेच नाव आहे.

भेंडी तेथे पोहोचली ती गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. तेथील मूळ रहिवासी असलेल्या चॉक्टॉ लोकांनी सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड दिली. तीही सूप दाट करते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडिया प्रांतातून 1755 पासून इंग्रजांनी फ्रेंच भाषिकांना हद्दपार केले. त्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे लुइझियानात स्थिरावली. ‘अकेडियन’ या शब्दाचाच अपभ्रंश होऊन ‘केजन’ शब्द रूढ झाला. जे हाताशी असेल त्यात भागवावे आणि ते चवीने खावे, ही या निर्वासितांच्या स्वयंपाकाची रीत. ख्रिस्ती धर्मातील ईस्टरपूर्व चाळीस दिवसांच्या व्रतकाळासाठी तेथे पालेभाज्यांचे हिरवे गंबोही केले जात असे. मुळात ते मांसाविना होते; आता मात्र त्यातही बहुधा मांस असते. तात्पर्य, व्रतासाठी पदार्थातून काही वगळणे ही गोष्ट गंबोला नवी नाही.

मग वगळल्यावर उरते काय? उरतो ‘रू’, म्हणजे तेलात अत्यंत मंद आचेवर भाजलेले पीठ. गंबोचा रंग आणि खमंगपणा यातूनच येतो. शिऱ्याचा रवा किंवा लाडवाचे बेसन धीराने भाजणाऱ्या हाताला ही क्रिया मुळीच परकी नाही.

चार माणसांसाठी पुढील साहित्य घ्यावे : 4 टेबलस्पून तेल, तेवढाच ताजा मैदा, पाव किलो कोवळी भेंडी, एक मोठी सिमला मिरची, सेलरीचे दोन देठ, वाटीभर किसलेला दुधी, दोन वाट्या शिजलेला राजमा, दोन तमालपत्रे, 1 चमचा काश्मिरी मिरचीपूड, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा भरडलेली काळी मिरी, पाव चमचा ओवा, हिंग, मीठ, लिंबू आणि सुमारे 5 कप गाळलेले गरम पाणी.

राजमा सकाळी लवकर भिजत घालावा आणि दुपारी कुकरमध्ये मऊ शिजवावा. म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवण सहज आटोपते. प्रत्येक भेंडी आधी उभी चिरून, अळी नाही याची खात्री करून मगच तुकडे करावेत. ते थोड्या तेलात परतून बाजूला ठेवावेत. त्यामुळे चिकटपणा पुष्कळ कमी होतो. जो उरतो तो सूप दाट करण्याच्या कामी येतो.

जाड बुडाच्या भांड्यात तेल तापवून मैदा घालावा आणि मंद आचेवर अखंड ढवळत राहावे. रंग प्रथम बिस्किटाचा, मग भाजलेल्या शेंगदाण्याचा, नंतर विटेचा आणि शेवटी काकवीसारखा होतो. यास अर्धा तास सहज लागतो. मोठ्या आचेने वेळ वाचवू पाहणाऱ्याचे पीठ करपते. काळे ठिपके दिसल्यास ते टाकून नव्याने आरंभ करावा; तो कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. हे मिश्रण अतिशय तापलेले असते आणि अंगाला चिकटते, म्हणून मुलांना दूर ठेवावे.

हवा तो रंग येताच हिंग, सिमला मिरची, सेलरी व दुधी घालावा. भाज्यांतील पाण्याने पिठाचे भाजणे थांबते. केजन स्वयंपाकात येथे कांदा, सिमला मिरची आणि सेलरी असे त्रिकूट असते. कांद्याची जागा दुधीने घ्यावी. भाज्या मऊ झाल्यावर मसाले व ओवा घालून गरम पाणी थोडे थोडे ओतावे व गुठळ्या मोडाव्यात. तिकडे थाइम ही वनस्पती वापरतात. तिच्यातील आणि ओव्यातील मुख्य सुगंधी द्रव्य एकच, थायमॉल. राजमा, तमालपत्र व मीठ घालून 25 मिनिटे, मग भेंडी घालून आणखी 10 मिनिटे मंद उकळावे. शेवटी लिंबू पिळून मोकळ्या भातावर वाढावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्यांनी हा बेत अन्य दिवशी करावा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘केजन मसाला’ म्हणून मिळणाऱ्या तयार पुडीत बहुधा कांद्याची व लसणाची पूड असते. तिखट सॉस आंबवलेल्या मिरचीचे व व्हिनेगरचे असू शकतात, आणि वूस्टर सॉसमध्ये सामान्यतः मासळी असते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय यांपैकी काहीही स्वयंपाकघरात आणू नये. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींनी तर उपाहारगृहात ‘भाज्यांचे गंबो’ मागवतानाही, ते कोणत्या पाण्यात शिजवले आहे, हे विचारावे. वर मांसाचा तुकडा दिसत नसला तरी खालचा रस्सा हाडांचा असू शकतो. विचारण्यात संकोच नको. आपला नियम नम्रपणे सांगितल्यास सहसा कोणी रागावत नाही; संकोचापोटी गप्प राहिलेल्याचा नियम मात्र त्याच्या नकळत मोडतो.

घरी केलेल्या या सूपला मूळचे गंबो म्हणून मिरवू नये; पाहुण्यांना ‘जैन पद्धतीचे गंबो’ असेच सांगावे. कोळंबीची चव यात नाही आणि ती असल्याचा आव आणण्याचे कारणही नाही. मात्र जिच्यावरून नाव पडले ती भेंडी यात आहे आणि अर्धा तास चुलीपाशी उभे राहून भाजलेले पीठही आहे. पावसाळी दुपारी घरातील सर्वांनी एकत्र बसून गरम भाताबरोबर खावे, एवढे समाधान त्यात निश्चित आहे.