बिनचालकाची गाडी : सोय कोणाची, जोखीम कोणाची?

ज्या चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, त्याच चाकणच्या कारखान्यांतून आज बाहेर पडणाऱ्या काही मोटारींच्या काचेमागे कॅमेरा आणि पुढच्या बाजूला रडार बसवलेले असते. पुढचे वाहन हळू झाले की ही मोटार आपणहून वेग कमी करते. पांढरा पट्टा ओलांडू लागली की स्टीअरिंग सरळ करते. कोणी आडवे आले आणि चालकाचा पाय ब्रेकवर गेला नाही, तर स्वतःच ब्रेक दाबते. महिंद्राने २०२१ साली चाकणच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये हे आणले, टाटांनी २०२३ साली हॅरिअर आणि सफारीत. अजून चालकाला जागेवरून उठवलेले नाही, हाताखाली एक मदतनीस दिला आहे इतकेच. अमेरिकेत मात्र त्यापुढची पायरी ओलांडली गेली आहे. फिनिक्स शहरात २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सीत गिऱ्हाईक मागे बसते आणि पुढची जागा रिकामी असते.

ज्याच्या घरी मोटारसायकलचा हप्ता थकला आहे त्या कापूसवाल्याने या भानगडीत डोके कशाला घालायचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कोरडवाहू गावांतली किती पोरे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात स्टीअरिंगवर बसली आहेत ते प्रत्येकाने आपल्या गल्लीपासून मोजावे. कोणी कंपनीची बस चालवतो, कोणी टेम्पो, कोणी नव्या मोटारी वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर, कोणी भाड्याची टॅक्सी. एक भाऊ पऱ्हाटीत आणि एक भाऊ गाडीवर, अशी आज घराची वाटणी आहे. पावसाने दगा दिला त्या वर्षी बियाण्याची पिशवी या दुसऱ्या भावाच्या पगारातून येते. तेव्हा चालकाची जागा रिकामी होणार असेल तर ती आपल्या ओसरीवरची बातमी आहे.

फायद्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात १५ हजारांवर. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीवाले आणि पायी चालणारे, म्हणजे आपल्यासारखेच. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस नागपूरहून पुण्याला निघाली होती. विदर्भातली पोरे नोकरीला आणि शिक्षणाला जातात ती याच वाटेने. यंत्राला झोप येत नाही, ते पीत नाही, मोबाईलमध्ये डोके घालत नाही, आणि सलग दुसऱ्या रात्री गाडीवर पाठवले म्हणून त्याचे डोळे मिटत नाहीत. चालकाचा डोळा लागला तर गाडीने स्वतः थांबावे यापेक्षा चांगली सोय कोणती?

पण ही सोय आधी आली कुठे? वीस लाखांच्या आसपासच्या मोटारीत, जी मालक दिवसा स्वतः चालवतो. रात्रभर चाळीस माणसे वाहणारी बस आणि सोळा चाकी ट्रक यांची पाळी मागाहून. अवजड वाहनांना आपोआप ब्रेक आणि झोपेचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्राने काढला तो २०२५ च्या मार्चमध्ये. पाणी नेहमी आधी कोणाच्या उसाला आणि मग कोणाच्या ज्वारीला, हे ज्याने पाहिले आहे त्याला या क्रमाचे नवल वाटणार नाही.

आता दुसरी बाजू. यंत्राला जे शिकवले तेच दिसते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने आपल्या गाडीला रस्त्यात येणारी सांबरासारखी मोठी जनावरे ओळखायला शिकवले. तीच गाडी ऑस्ट्रेलियात नेली तर कांगारूपुढे गोंधळली. हे कंपनीने २०१७ साली स्वतःच सांगितले. जनावर जमिनीवर कुठे उभे आहे यावरून यंत्र अंतर ठरवत होते. कांगारू उडी मारून हवेत गेला की ते त्याला लांब समजे आणि खाली टेकला की जवळ. आपल्याकडे कडब्याने भरलेली बैलगाडी रस्त्याला चारी बाजूंनी उतू जात चालते आणि मागे दिवा नसतो. धनगराची मेंढरे, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, उलट बाजूने येणारी मोटारसायकल, मळणीसाठी डांबरी रस्त्यावर पसरलेली तूर आणि सोयाबीन, हे सगळे यंत्राला कोण शिकवणार? हैदराबादच्या एका संस्थेने भारतीय रस्त्यांची हजारो चित्रे २०१८ साली संशोधकांसाठी खुली केली, हे चांगलेच झाले. पण ती मुख्यतः हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांची. जिंतूर-सेलूचा रस्ता त्यात नाही. आणि पांढऱ्या पट्ट्याच्या आधाराने चालणाऱ्या गाडीने चाकणच्या चौकात सायंकाळी सहा वाजता पट्टा शोधून दाखवावाच. (रास्ता रोकोला मात्र ही गाडी सोयीची. माणूस समोर बसला की थांबते, झेंडा कोणाचा ते विचारत नाही.)

मी शेतकी पदवी घेतली तेव्हा वाणाच्या चाचण्या कशा होतात ते जवळून पाहिले. ओलिताच्या भारी जमिनीत, वेळेवर खत घालून एखादा वाण भरघोस येतो. मग त्याची शिफारस निघते आणि तो हलक्या मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर पेरला जातो. उतारा बुडाला की अहवालात लिहितात : शेतकऱ्याने शिफारशींचे पालन केले नाही. बिनचालकाच्या गाडीचा हिशेब हुबेहूब असाच चालला आहे. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेम्पे गावी उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केले. चौकशीत निघाले ते असे : यंत्राने तिला आधी अनोळखी वस्तू, मग वाहन, मग सायकल समजून पुन्हा पुन्हा मत बदलले. पट्टे आखलेले नाहीत अशा जागी माणूस रस्ता ओलांडतो, हेच त्याला शिकवलेले नव्हते. मोटारीचा मूळचा आपोआप लागणारा ब्रेक कंपनीने बंद ठेवला होता. शेवटी कंपनीवर फौजदारी खटला चालवायला आधार नाही असे सरकारी वकिलाने ठरवले, आणि गाडीत लक्ष ठेवायला बसवलेल्या पगारी बाईने २०२३ साली गुन्हा कबूल करून तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा घेतली. तिचे लक्ष मोबाईलवर होते, ती निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांनी ब्रेक बंद केला ते सुटले आणि जी महिन्याच्या पगारावर होती ती अडकली, हे विसरता येत नाही. उद्या वाकड-तळवड्याच्या रस्त्यावर असे घडले तर त्या जागेवर आपलाच पोरगा बसलेला असेल.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, बिनचालकाची गाडी या देशात येऊ देणार नाही, सत्तर-ऐंशी लाख चालकांचा रोजगार जाईल. भावना चांगली. पण बंदीने प्रश्न सुटतो हे आम्हाला पटत नाही. मळणीयंत्राने खळ्यावरची मजुरी संपवली तेव्हा कोणी यंत्र अडवले नाही, आणि अडवायला नकोच होते. मोटार कारखान्यांच्या आत सुटे भाग वाहणाऱ्या गाड्या माणसाविना धावू लागून वर्षे झाली. त्या ढकलणारा कंत्राटी कामगार गेला, त्याच्यासाठी भाषण झाले नाही. आणि बंदीचे पुढे काय होते ते कापूसवाल्याइतके कोणाला माहीत आहे? मान्यता नसलेले तणनाशक सहन करणारे बियाणे यवतमाळपासून अकोल्यापर्यंत पेरले जातेच. फक्त पावती नसते, आणि उगवले नाही तर दाद मागायला दार नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या दुरुस्तीने संशोधनाच्या वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिलेलाच आहे. भोपाळची एक कंपनी बिनचालकाची बोलेरो रस्त्यावर चालवून दाखवतेही आहे. म्हणजे दार किलकिले आहे, कायदा मात्र चालक गृहीत धरून बसला आहे.

चालकांची नोकरी एका रात्रीत जाणार नाही, असा आमचा अंदाज आहे. आधी बंद आवारातल्या, खाणीतल्या, बंदरातल्या जागा जातील, मग कुंपण घातलेल्या महामार्गावरच्या रात्रीच्या ट्रकच्या. पिंपरीच्या बाजारपेठेतला टेम्पोवाला सर्वांत शेवटी.

शेतात येणारे बिनचालकाचे यंत्र वेगळे तोलावे लागेल. महिंद्राने सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईला बिनचालकाचा ट्रॅक्टर दाखवला. जॉन डिअरने, ज्यांचा कारखाना नगर रस्त्यावर सणसवाडीला आहे, जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत आपला आणला. कोरडवाहूवाल्याला यात मोठा लाभ होऊ शकतो. पहिल्या पावसानंतर वाफसा दोन-तीन दिवस टिकतो, त्यात साऱ्या गावाला एकदम तिफण हवी असते. रात्रभर पेरणारे यंत्र भाड्याने मिळाले तर पेरणी साधेल. फवारणीचे तर विचारूच नका. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि मजूर मेले. तिथे माणसाला बाजूला काढणारे यंत्र उद्या येत असेल तर आजच यावे. पण जॉन डिअरवर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने खटला भरला आहे तो कशासाठी? ट्रॅक्टरचा बिघाड शोधायचे सॉफ्टवेअर कंपनी शेतकऱ्याच्या किंवा गावच्या मिस्त्रीच्या हाती पूर्णपणे देत नाही, यासाठी. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, कर्ज शेतकऱ्याचे, किल्ली कंपनीची. वाफशाच्या दिवशी यंत्र अडून बसले आणि तालुक्याच्या मिस्त्रीला ते उघडताच येत नसेल, तर त्या वर्षीची पेरणी गेली.

जिल्हा बैठकीपुढे म्हणून ठराव येत आहे. यंत्र गाडी चालवत असताना अपघात झाला तर जबाबदारी बनवणाऱ्याची, आणि गाडीतल्या यंत्राने केलेली नोंद मृताच्या घरच्यांना मागताच मिळावी. आपोआप ब्रेक आधी रात्रीच्या बसला आणि ट्रकला, मोटारीला मागाहून. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी होईल तेव्हा त्यात बैलगाडी, मेंढरे आणि अंधारातली ट्रॉली असावी. दुरुस्तीची किल्ली विकत घेणाऱ्याला मिळावी. आणि एक काम आपल्याच हातचे : बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागे चकाकणारी पट्टी लावायला कोणाच्या ठरावाची वाट पाहू नका. माणूस असो की यंत्र, अंधारात दोघांनाही तीच दिसते.

तालुक्यांनी ठरावावर दुरुस्त्या लिहून आणाव्यात. ज्यांची मुले चाकण-भोसरीकडे गाडीवर आहेत त्यांनी निघण्याआधी मुलांना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : महिन्यात किती वेळा सलग दुसरी पाळी करावी लागते, आणि गाडीने स्वतः ब्रेक दाबल्यामुळे मागून धडक बसली तर मालक नुकसानीचे पैसे कोणाच्या पगारातून कापतो.