फायटर माशाला बरणी नको, टाकी द्या

मासे विकणाऱ्या दुकानात फायटर मासा लगेच ओळखू येतो. बाकीचे मासे मोठ्या टाक्यांतून हिंडत असतात आणि हा एकटा, ओळीने मांडलेल्या लहान बरण्यांपैकी एकीत असतो. दुकानदार सांगतो, "हा हवेतून श्वास घेतो, त्याला बरणी पुरते." यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे मात्र त्यातून निघत नाही.

या माशाचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. तो मूळचा थायलंडकडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. भातखाचरांतल्या आणि डबक्यांतल्या संथ पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून कल्ल्यांच्या जोडीला त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचे एक इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो. पण भातखाचर उथळ असले तरी पसरलेले असते, हे आपण विसरतो. दोन नर एकत्र ठेवले तर झुंजतात, म्हणून त्यांना वेगळे ठेवावे लागते. वेगळे ठेवणे म्हणजे कोंडणे नव्हे.

श्वासाचा प्रश्न सुटला तरी मलाचा सुटत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. हा वायू पाण्यात विरघळतो आणि माशाला विषारी असतो. अर्ध्या लिटरच्या बरणीत जितका अमोनिया साठेल तितकाच ११ लिटर पाण्यात गेला, तर त्याची तीव्रता बाविसाव्या हिश्श्यावर येते. शिवाय टाकीतल्या खड्यांवर आणि गाळणीत वाढणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. बरणीत त्यांना जम बसवायला वावच नसतो. तापमानाचेही तसेच. या माशाला २५ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. थोडे पाणी थंडीच्या रात्री झपाट्याने निवते, जास्त पाणी सावकाश. कपातला चहा आणि पातेल्यातला चहा यांत हा फरक आपण रोज पाहतो.

आता मुलांची खरी अडचण: तयार टाकी महाग पडते. मग टाकी घरीच करावी, आणि करण्यापूर्वी हिशेब करावा. समजा, टाकी ३० सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद व २२ सें.मी. उंच आहे, काच ५ मि.मी. जाड आहे आणि पाणी २० सें.मी. भरले आहे. तळाशी दाब दर चौरस सें.मी.ला २० ग्रॅम भार, पृष्ठभागाशी शून्य, म्हणजे सरासरी १०. आतली लांबी २९ सें.मी., म्हणून भिजलेल्या समोरच्या काचेचे क्षेत्रफळ ५८० चौरस सें.मी. त्यावरचा एकूण रेटा ५८०० ग्रॅम, म्हणजे पावणेसहा किलोहून थोडा जास्त. ५ मि.मी. काच हा सहज सोसते.

या हिशेबात टाकीची रुंदी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. खोली दुप्पट केली तर सरासरी दाबही दुप्पट आणि क्षेत्रफळही दुप्पट, म्हणजे रेटा चौपट. रुंदी वाढवली तर समोरच्या काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ठेंगणी, पसरट टाकी बांधायला सोपी, आणि वारंवार वर येणाऱ्या या माशाला हवी तीही तशीच. उंच, निमुळते शोभेचे भांडे मला म्हणूनच पटत नाही.

काचवाल्याकडे मोठ्या काचा कापून उरलेले तुकडे असतात. ते स्वस्तात मिळतात का, विचारावे. तळ ३०×२०, समोरची व मागची काच ३०×२२, आणि बाजूच्या दोन काचा १९×२२ सें.मी. बाजूच्या काचा २० नव्हे, १९! दोन्हीकडची अर्धा-अर्धा सें.मी. जाडी वजा करावी लागते. काच त्याच्याकडूनच कापून घ्यावी, कडाही घासून घ्याव्यात. जोडायला सिलिकॉन वापरावे, पण बुरशीनाशक घातलेले नको. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, टाकीला हात लावू नये. मग ती सपाट जागी थर्मोकोलच्या पातळ तुकड्यावर ठेवावी, म्हणजे खालच्या एखाद्या खड्यावर सगळा भार एकवटून तळ तडकणार नाही. पाणी भरून पातळीपाशी कागदाची पट्टी चिकटवावी आणि दिवसभर पाहावे.

एवढेही जमत नसेल तर दहा-पंधरा लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा चालेल. त्याच्या बाजू थोड्या फुगतील. का, ते वर आलेच आहे. काच आपल्याला पाहण्यासाठी असते, माशाला तिची गरज नाही. झाकण मात्र हवेच, कारण हा मासा उडी मारतो. झाकणाला हवेसाठी भोके असावीत. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी पसरट भांड्यात उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो.

शिक्षकांना एक सूचना. द्रवाचा दाब शिकवताना फळ्यावरच्या चौकोनाऐवजी ही टाकी वर्गात बांधावी आणि रेट्याचा हिशेब मुलांकडून आधी करून घ्यावा. मासा त्यानंतर आणावा, आणि सुट्टीत त्याला कोण सांभाळणार हे ठरल्यावरच.