मुक्या शेवटावर ढोल

२०१६ सालचा उन्हाळा मराठवाड्याला विसरता येणे कठीण आहे. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यास मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले होते. माणसांच्या घशाला कोरड, जनावरांच्या दावणी रिकाम्या, आणि बोलण्यास दुष्काळावाचून दुसरा विषय नाही, अशा त्या होरपळीत २९ एप्रिल रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बघता बघता लोकांच्या जिभेवर पाण्याऐवजी एक गाणे आले. ते गाणे म्हणजे अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’. लोह्याची मंडळी एस.टी.त दाटीवाटीने बसून नांदेडास तो चित्रपट पाहण्यास जाऊ लागली. आम्हीही गेलो, आणि तेथे जे पाहिले त्याविषयी आज इतक्या वर्षांनंतरही आमच्या मनातील तिडीक शमली नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

चित्रपटाविषयी आमची तक्रार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. तक्रार आहे ती त्याच्या शेवटानंतर घडलेल्या प्रकाराविषयी. ‘सैराट’चा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वर्णनाने तो कळणार नाही, तरीही विषयापुरते सांगणे भाग आहे. जात सोडून परशाशी संसार थाटलेल्या आर्चीच्या हैद्राबादेतील घरी तिचे माहेरचे लोक येतात. आईने धाडलेल्या वस्तू पुढे होतात, चहापाणी होते. त्यानंतर काय झाले ते आपण पाहत नाही. शेजारणीच्या घरून परतलेले त्यांचे अजाण मूल पाहते. पडद्यावरचा सारा आवाज थांबतो. मूल रडते, पण त्याचे रडणे ऐकू येत नाही. ते चालू लागते आणि त्याच्या चिमुकल्या पावलांचे रक्ताळलेले ठसे मागे उमटत जातात. बस्स. इतकेच. सुमारे तीन तास गाण्यांनी, शिव्यांनी, हास्याने दणाणून सोडलेल्या त्या पडद्याने शेवटी तोंड मिटले, आणि त्या मौनाने आमच्यासारख्या वयाने पिकलेल्या माणसाच्याही काळजात सुरी फिरवली.

दिवे लागले. कोणी उठेना. पुढच्या रांगेतील दोन तरुण खाली मान घालून बसले होते. एक बाई पदराने डोळे पुसत होती. इतक्यात पडद्यावर पुन्हा प्रकाश पडला आणि ‘झिंगाट’ सुरू झाले! प्रेक्षकांच्या आग्रहावरून गाणे पुन्हा दाखवण्यात येत आहे, असे कोणीसे म्हणाले. एका पळात सारे पालटले. मघाचे ते दोन तरुण खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले, शिट्ट्या झाल्या, चिल्लर उधळली गेली आणि ज्या प्रेक्षागारावर क्षणापूर्वी सुतकाची छाया होती ते लग्नमंडपासारखे गजबजून गेले. खोटे कशाला बोला, त्या तालावर आमचाही पाय हलला. पाय हलला हे लक्षात येताच जी शरम वाटली, तिच्यातूनच हा लेख जन्मास आला आहे.

आता या प्रकाराचे समर्थन करणारे मुळीच नाहीत असे नाही. त्यांचा पहिला युक्तिवाद असा की, आपली परंपराच मुळी शेवट गोड करण्याची आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामसीतेची पुन्हा भेट घडवून आणली, संस्कृत नाटक भरतवाक्यातील मंगलकामनेवाचून संपत नाही, मग थिएटरवाल्याने जाता जाता चार घटका लोकांना हसवले तर बिघडले कोठे? कोणी अधिक वाचलेले गृहस्थ तर विलायतेचाही दाखला देतात. टॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने १५९९ साली लंडनात ‘ज्यूलियस सीझर’चा प्रयोग पाहिला, तेव्हा नाटक संपल्यावर नटांनी नृत्य केल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. शेक्सपियरच्या सीझरनंतर नाच चालतो, तर मंजुळ्यांच्या परशानंतर का चालू नये?

दाखले खरे आहेत. पण ते येथे लागू पडत नाहीत. भवभूतीने शेवट बदलला तो स्वतः, कवीच्या अधिकाराने, सात अंकांची तपश्चर्या करून. प्रयोग आटोपल्यावर तिकिटे फाडणाऱ्याने तो बदलला नाही. लंडनच्या नटांचे नृत्य हा नाटकाबाहेरचा वेगळा खेळ होता. सीझर पुन्हा उठून आपल्या मारेकऱ्यांच्या मेजवानीत नाचला, असे त्यात नव्हते. आणि परंपरेचाच आधार घ्यावयाचा तर आमच्या लोह्याजवळच्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला या. तमाशाच्या फडात गण, गौळण, बतावणी ही आधी होतात आणि वग मागाहून येतो. थट्टामस्करी आधी, कथा नंतर, हा क्रम तेथील निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक असतो. गाण्याच्या मैफलीत भैरवी झाली की कोणी दुसरा राग मागत नाही. मागितलाच तर भोवतालचे लोक त्याच्याकडे कीव करून पाहतात. ‘सैराट’चा मुका शेवट ही त्या चित्रपटाची भैरवी आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. ‘हे गाणे काही बाहेरून आणलेले नाही, दिग्दर्शकानेच ते चित्रपटात घातले आहे. जे मध्यंतरापूर्वी चालते ते शेवटी एकदम अपवित्र कसे होते?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते गाणे चित्रपटात कोठे येते हे आठवले पाहिजे, आणि नेमके तेच नाचणाऱ्यांना आठवत नाही. ‘झिंगाट’ वाजते ते पाटलांच्या वाड्यावर, आर्चीचा भाऊ प्रिन्स याच्या वाढदिवसाच्या जल्लोषात. त्याच रात्री त्या दोघांचे प्रेम उघडे पडते आणि त्यांच्यामागे पाठलाग लागतो. आणि शेवटी आईने दिलेल्या वस्तू घेऊन बहिणीच्या दारी येणाऱ्या मंडळींत तोच प्रिन्स असतो! म्हणजे वाचकहो, प्रेतांवर अजून कापडही घातलेले नसताना आपण मारेकऱ्याच्या वाढदिवसाचे गाणे ‘पुन्हा एकदा’ म्हणून मागितले आणि त्यावर नाचलो. याहून क्रूर उपहास एखाद्या कवीला कल्पनेनेही सुचला नसता.

गाणे तेच, सूर तेच, ढोल तोच; पण जागा बदलली की अर्थ बदलतो. पूर्वार्धात ते गाणे म्हणजे दोन कोवळ्या जिवांचा बेभान आनंद आहे. आणि दिग्दर्शकाने तो आनंद आपल्याला उसना दिला आहे, कारण शेवटी त्याची वसुली करावयाची आहे. जितके आपण तेथे नाचलो तितके येथे रडावे लागते. गाणे पुन्हा लावणे म्हणजे हे कर्ज बुडवणे होय. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली, आपले भान न सोडता दुसऱ्याच्या जीवनाशी एकरूप होण्यात वाङ्मयाचा आनंद आहे, असे तिचे सार सांगता येईल. त्या मुलाच्या पावलांमागून जाताना सारे प्रेक्षागार अशाच एका समाधीत होते. ती ज्याने ढोल बडवून मोडली त्याने लोकांना आनंद दिला नाही. त्यांच्या हातचे घेतले.

हा रोग नवा नाही, हेही कबूल केले पाहिजे. आपल्या संगीत रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ने किती प्रसंगांचा गळा घोटला याची गणती नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूची दुर्दशा पाहावी, डोळे ओले व्हावेत, आणि लगेच तेच पद पुन्हा हवे म्हणून ओरडावे, हा आमच्या आजोबांचा रसिकपणा होता. नटालाही टाळी हवी, मालकालाही गल्ला हवा, आणि नाटककाराला कोण विचारतो? तेव्हा दोष एकट्या थिएटरवाल्याचा नाही. तो व्यापारी, गिऱ्हाइकाने मागितले ते त्याने दिले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी त्याने खाल्ले खरे, पण ते वाढले आपणच.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. ‘झिंगाट’ला हिडीस म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांच्या पंगतीला आम्हास कोणी बसवू नये. ज्या पोरांना गावच्या पंगतीत मागे बसवले गेले, त्यांना पडद्यावर पोटभर नाचताना पाहून ज्यांच्या सुरुचीला ठेच लागते, त्यांच्या सुरुचीची आम्हास किंमत नाही. तसेच चित्रपटाच्या अखेरीस आनंदाचे गाणे असूच नये, असाही आमचा आग्रह नाही. १९३९ साली प्रभातच्या ‘माणूस’मध्ये व्ही. शांताराम यांनी मैनेला तुरुंगात धाडले आणि तरीही गणपत हवालदाराला मरणाकडून जगण्याकडे वळवले. तेथील उमेद कथेच्या दुःखातूनच उगवलेली आहे. २००८ सालच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या शेवटी मुंबईच्या रेल्वे फलाटावर रहमान यांच्या गाण्याचा नाच होतो, तो कोणास आवडो वा न आवडो, कर्त्याने आपल्या परीकथेला जाणूनबुजून दिलेला तो मुजरा आहे. कर्त्याने शेवटी गाणे ठेवले तर तो त्याचा अभिप्राय. प्रेक्षकाने ते वर लादले तर ती त्याची पळवाट.

पळवाट हाच शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरतो. कारण जे एका प्रेक्षागारात घडले तेच पुढे साऱ्या समाजात घडले. २०१६ नंतर आमच्या गावात असे लग्न आम्हास आठवत नाही की ज्याच्या वरातीत ‘झिंगाट’ वाजले नाही. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरे धुळीत लोळून नाचत आहेत, आणि मागून चालणारे वडीलधारे समाधानाने मान डोलावत आहेत. कारण सोयरीक जातीतली आहे, कुळी पाहिलेली आहे, पत्रिका जुळलेली आहे! ज्या गाण्यावर जात विसरलेली दोन पोरे नाचली, ते गाणे जात न विसरलेल्यांच्या वरातीचे झाले. गाणे घेतले, शेवट टाकून दिला. २०१८ साली ‘धडक’ नावाने याच कथेचा हिंदी अवतार निघाला; त्यात गाव बदलले, जातीचा काटा बोथट झाला, शेवटही निराळा झाला; गाणे मात्र हिंदी शब्द लेवून तसेच राहिले. समाजाला काय हवे होते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आणि टाकून दिलेला शेवट कोठे गेला? तो कोठेही गेला नाही. तो आमच्याच जिल्ह्यात राहिला. जानेवारी २०२३ मध्ये नांदेड जिल्ह्यात एका शिकत्या मुलीचा तिच्या प्रेमावरून खून झाला आणि त्या गुन्ह्यात तिच्या घरच्याच माणसांना अटक झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द नांदेड शहरात प्रेमापायी एका तरुणाचा जीव गेला, आणि त्याच्या प्रेयसीने त्याच्या प्रेताला हळद लावून आपल्या कपाळी कुंकू लावून घेतले. त्या वेळी कोणाला गाणे मागता आले नाही. पडद्यावरचे मौन दोन मिनिटे सोसण्याचे बळ ज्यांनी कमावले नाही, त्यांना दारातले मौन कसे सोसावे हे कोण शिकवणार?

कोणी म्हणेल, दुष्काळाने पिचलेल्या माणसाला घरी जाताना रडवून धाडावे काय? आम्ही म्हणतो, होय, धाडावे. मराठवाड्याच्या माणसाला रडण्याचे भय दाखवू नका. त्याने पुष्कळ पाहिले आहे. त्याला भय आहे ते एकच: आपल्या घरातील मुलगी उद्या आर्ची झाली तर आपण कोणत्या बाजूला उभे राहू, या प्रश्नाचे. तो मुका शेवट हाच प्रश्न विचारीत होता. आणि उत्तर द्यावे लागू नये म्हणून आपण ढोल मागितला.

तात्पर्य एवढेच की, यापुढे कोठेही हा चित्रपट लागला तर शेवटानंतर दिवे उशिरा लावावेत आणि गाणे लावू नये, अशी थिएटरवाल्यांस आमची विनंती आहे. आणि ते मागू नये, अशी प्रेक्षकांस हात जोडून प्रार्थना आहे. गाण्याशी आमचे वैर नाही. ज्या दिवशी लोह्याच्या रस्त्यावरून एखादी वरात ‘झिंगाट’ वाजवीत जाईल आणि दोन्हीकडच्या ओट्यांवरून नवरानवरीची जात कोणी विचारणार नाही, त्या दिवशी आम्हीच पुढे होऊन ‘वन्स मोअर’ म्हणू, आणि म्हातारपणाची लाज सोडून त्या धुळीत नाचू. तोवर मात्र ते मूल चालत आहे. निदान त्याची पावले उमटण्याइतकी तरी शांतता राखा.