मनाची फिर्याद
सकाळची लोकल गाठण्यात आणि रात्री परतीची गर्दी सोसण्यात ज्यांचे आयुष्य सरते, त्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाकरमान्यांस आत्मचिंतनाचा उपदेश करणे उद्धटपणाचे खरे. तथापि मनाची फिर्याद वहीत दाखल करण्यास ना वकील लागतो, ना प्रतिभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटे आपल्या आघातांतील घटना व भावना दोन्ही लिहून काढणारे विद्यार्थी पुढील काही महिने दवाखान्याकडे कमी फिरकले. (तीव्र विकारास मात्र वैद्यच हवा.) 1864 पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय व 1893 पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्या चालकांनी, स्पर्धा-पारितोषिकांचा खटाटोप न करता, अशा लिहिणाऱ्यांसाठी एक निवांत मेज राखून ठेवावे.