वैलावरचं इंधन

या वेळी गप्पा विमानाच्या, पण सुरुवात चुलीपासून करू या. तुमच्यापैकी किती जणांनी वैल पाहिलाय? गॅसच्या शेगडीवर वाढलेल्यांसाठी सांगतो. मातीच्या चुलीला शेजारी चिकटून आणखी एक छोटं तोंड असायचं. त्याच्यात वेगळं लाकूड घालायचं नाही. मुख्य चुलीवर भाकऱ्या होत असताना जो जाळ मागून निघून जायचा, तो या बाजूच्या तोंडातून वळवायचा आणि त्यावर दूध, वरण, नाहीतर अंघोळीच्या पाण्याचं भांडं ठेवायचं. त्याला वैल म्हणतात. काही घरांत औल. धूलकोटकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर, चुली अजून पेटतात, त्यामुळे आमच्या भागातल्या मुलांना हे पाहायला संग्रहालयात जावं लागत नाही.

वैलाचं गणित सोपं आहे. जी उष्णता वाया जाणारच आहे, तिच्याकडून हलकं काम करून घ्यायचं. दूध कोमट ठेवायला भाकरीइतका जाळ लागत नाही.

इंजिन म्हणजे चूलच. ट्रकच्या चांगल्या इंजिनात जाळलेल्या इंधनातली शंभरातली चाळीसेक टक्के ऊर्जा चाकांपर्यंतच्या कामाला येते. उरलेली बहुतेक सगळी दोन वाटांनी जाते: निम्मी धुराड्यातून, निम्मी रेडिएटरच्या पाण्यातून. उन्हाळ्यात बऱ्हाणपूरच्या बायपासवर ट्रकच्या बॉनेटजवळ उभं राहून पाहा, हिशोब अंगाला कळेल. प्रश्न असा, की या वाया जाणाऱ्या उष्णतेवर ठेवायला आपल्याकडे कुठलं ‘दूध’ आहे?

एक आहे, आणि ते भलतंच थंड आहे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो. त्यालाच एलएनजी म्हणतात. द्रव झाला की त्याचं आकारमान सुमारे ६०० पटींनी कमी होतं, म्हणून तो जहाजातून आणता येतो. आपल्याकडे गुजरातेत दहेजला २००४ पासून आणि कोकणात दाभोळला २०१३ पासून तो उतरतो. सीएनजीमध्ये तोच वायू असतो, पण नुसता दाबून भरलेला. रिक्षाला ते पुरतं. लांबच्या ट्रकला टाक्यांचं ओझं आणि वारंवार भरणं परवडत नाही. म्हणून ट्रकला एलएनजी.

पण द्रव इंजिनात जाळता येत नाही. आधी त्याचा पुन्हा वायू करावा लागतो, आणि तो वायू सोसवेल इतका गरमही व्हावा लागतो. इथे वैल आला.

देशातलं पहिलं खासगी एलएनजी केंद्र नागपूरजवळ कामठी रस्त्यावर जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. ते उभारलं बैद्यनाथ आयुर्वेद समूहानं. (च्यवनप्राशवाल्यांनी ट्रकचं इंधन विकावं, हे मला फार आवडलं.) सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याजवळ चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सनं एलएनजीवर चालणारे अवजड ट्रक आणले. या ट्रकच्या बाजूला चकचकीत स्टीलची गोल टाकी दिसते. ती म्हणजे मोठा थर्मास: दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी. टाकीतून द्रव निघतो आणि इंजिनाकडे जाताना एका लहानशा डब्यातून जातो. त्या डब्यात एका बाजूनं हा गोठवणारा द्रव आणि दुसऱ्या बाजूनं इंजिनाचं रेडिएटरकडे निघालेलं गरम पाणी. दोघं एकमेकांना न भेटता, धातूच्या भिंतीतून, उष्णतेची देवाणघेवाण करतात. पलीकडे निघतो तो वायू.

किती उष्णता लागते? एक किलो एलएनजी नुसता उकळायला सुमारे ५१० किलोज्यूल, आणि तो वायू साध्या हवेच्या तापमानाला आणायला आणखी पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे नऊशेच्या घरात. तोच किलो जळाला की देतो सुमारे ५०,००० किलोज्यूल. थोडक्यात, इंधन गरम करायला इंधनातलीच पावणेदोन-दोन टक्के ऊर्जा लागते. हे काम वेगळा बर्नर लावून केलं तर तेवढी टक्केवारी खिशातून जाते. इंजिनाच्या पाण्यावर केलं तर फुकट.

आता पाणी पुरेल का? समजा ट्रक तासाला २० किलो वायू जाळतो. त्याला वायू करायला साधारण ५ किलोवॅट उष्णता लागेल. त्याच वेळी इंधनातून निघणारी ऊर्जा आहे २७५ किलोवॅटहून जास्त, आणि त्यातली साठ-सत्तर किलोवॅट तरी रेडिएटरच्या पाण्यात जाते. म्हणजे वैलाला जाळाचा दहावा हिस्साही पुरतो. आणि सकाळी इंजिन थंड असताना? तेव्हाही अडत नाही, कारण ‘थंड’ हा शब्द आपला आहे. उणे १६२ च्या द्रवाला आपल्या जानेवारीतलं पहाटेचं पाणीसुद्धा भट्टीसारखंच. अट एकच: पाणी वाहतं राहिलं पाहिजे. थांबलं तर डब्यातच गोठेल, म्हणून त्यात गोठणरोधक मिसळलेलं असतं.

हे सगळं मी दिवाळीत मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. मामांचा ट्रक आहे, हंगामात केळी घेऊन उत्तरेकडे जातो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् गाडी आठ दिवस उभी राहिली तर?”

मामांनी बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं होतं. थर्मास कितीही चांगला असला तरी थोडी उष्णता आत झिरपतेच. थोडा द्रव उकळतो, टाकीतला दाब वाढत जातो, आणि साधारण पाचेक दिवसांनी सुरक्षा झडप उघडून वायू बाहेर सोडावा लागतो. रोज पळणाऱ्या गाडीला हा त्रास नाही, कारण ती तयार झालेला वायू जाळत राहते. पण केळीचा भाव पडला, माल निघाला नाही, चालक लग्नाला गेला, की गाडी अंगणात उभी आणि पैसे हवेत. डिझेल महिनाभर टाकीत गप्प बसतं. सिमेंट, कोळसा, कुरिअरचा माल रोज एकाच मार्गावर नेणाऱ्या मोठ्या ताफ्याला एलएनजी शोभतं. एका ट्रकच्या मालकाला तितकं नाही. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. आणि तो झडपेतून जाणारा मिथेन वातावरणाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबात २८ पटींच्या आसपास जास्त तापवतो, म्हणजे नुकसान फक्त मामांचं नाही.

आता वर आकाशात जाऊ.

सोव्हिएत संघात तुपोलेव कंपनीनं नेहमीचं तू-१५४ प्रवासी विमान घेऊन त्याचं तू-१५५ केलं. एप्रिल १९८८ मध्ये ते द्रव हायड्रोजनवर उडालं आणि जानेवारी १९८९ मध्ये एलएनजीवर. तीन इंजिनांपैकी एकच, कुझनेत्सोव यांच्या संस्थेचं एनके-८८, या थंड इंधनावर चालायचं. उरलेली दोन साध्या केरोसीनवर. टाकी कुठे ठेवली? प्रवाशांच्या मागच्या भागात, खुर्च्या काढून. हे विमान प्रात्यक्षिकासाठी ब्रातिस्लाव्हा आणि नीसपर्यंत जाऊन आलं. म्हणजे ‘होईल का?’ हा प्रश्न पस्तीसेक वर्षांपूर्वीच सुटला. ‘परवडेल का?’ हा राहिला, आणि सोव्हिएत संघच राहिला नाही.

विमानाच्या जेट इंजिनात रेडिएटरचं पाणी नसतं. मग वैल कुठे मांडायचा? टर्बाइनच्या मागे, जिथून पाचेकशे अंशांचा झोत बाहेर पडतो तिथे. एनके-८८ मध्ये इंधनाला वायू करणारी नळ्यांची जाळी तिथेच होती. उष्णता भरपूर, पण धोकेही भरपूर: नळीच्या आत उणे दीडशे, बाहेर अधिक पाचशे, आणि धातू मध्ये ताणला जातोय. नळीला चीर गेली तर इंधन थेट तापलेल्या झोतात.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात उड्डाणाच्या वेळी तीस-चाळीस पट वातावरणाइतका दाब असतो, म्हणून इंधन त्याहून जास्त दाबानं आत ढकलावं लागतं. वायू करून मग दाबायचा म्हटलं तर प्रचंड काम पडतं. पण द्रव जवळजवळ दाबलाच जात नाही, म्हणून आधी पंपानं द्रवाचा दाब वाढवायचा आणि मग वैलावर तापवायचा. माझ्या ढोबळ हिशोबानं पहिल्या रीतीपेक्षा दुसरीला पन्नासेक पट कमी काम लागतं. आणि दाब ४६ बारच्या वर नेला, तर मिथेन रटरट उकळतच नाही. द्रवातून वायूत गुळगुळीत सरकतो. बुडबुडे नाहीत, धक्के नाहीत.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला खुपतो तो उशीर. वैमानिकानं थ्रॉटल पुढे केला की इंधन लगेच वाढायला हवं. पण जास्त इंधनाला लागणारी जास्त उष्णता झोतात येणार इंधन जळल्यावर, आणि नळ्या तापायला आणखी काही क्षण. थ्रॉटल मागे घेतला की उलटं: इंधन कमी, नळ्या अजून लाल. इंजिन चालवणाऱ्या संगणकाला हा मागे-पुढे होणारा झोका आधी ओळखून सावरावा लागतो. ट्रकमध्ये गरम पाण्याचा साठा हा झोका पोटात घेतो. विमानात पाणी वाहून न्यायला कुणी तयार नसतं.

आणि इंधनाच्या वाटेवर बसवलेल्या उष्णता-डब्यानं काय होऊ शकतं, याचा धडा साध्या केरोसीनच्या विमानानंच दिलाय. आजच्या जेट विमानांत इंजिनाचं गरम तेल इंधनाला ऊब देतं, म्हणजे छोटा वैल आधीपासून आहेच. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं, कारण शेवटच्या क्षणी दोन्ही इंजिनांनी जोर धरला नाही. लांबच्या थंड प्रवासात इंधनातल्या पाण्याच्या अंशाचा बर्फ नळ्यांत साठला होता. तो सुटून एकदम आला आणि या तेल-इंधन डब्याचं तोंड त्यानं बुजवलं. विमानातले सगळे १५२ जण वाचले. नंतर डब्याचं तोंड बदललं, तिथे डोकावणारी नळ्यांची टोकं सपाट केली. चार मिलिमीटरच्या आसपासच्या तपशिलावर दोन्ही इंजिनं अडली! दोन इंजिनं असली तरी सारखाच डबा दोन्हीकडे असेल तर दुसरं इंजिन हा आधार उरत नाही.

हीच कल्पना जिथे आज बिनतक्रार काम करते, ती जागा म्हणजे रॉकेट. चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर १४ जुलै २०२३ ला गेलं, त्याच्या वरच्या टप्प्यातल्या सीई-२० इंजिनात उणे २५३ अंशांचा हायड्रोजन आधी ज्वलनकक्षाच्या भिंतीतल्या बारीक वाटांतून फिरतो. भिंत वितळायची वाचते आणि हायड्रोजन गरम होऊन जळायला तयार होतो. इस्रोच्या इंजिनांचं बरंच काम मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये होतं. तिथे वैल हा काटकसरीचा भाग नाही. तो नसेल तर चूलच जळून जाईल.

मग प्रवासी विमानात एलएनजी यावा का? बोइंगनं नासासाठी ‘शुगर फ्रीझ’ नावाचा असा आराखडा केला होता. वजनाच्या हिशोबानं एलएनजी केरोसीनपेक्षा सरस, आणि तेवढ्याच ऊर्जेला कार्बन डायऑक्साइड पाव हिस्सा कमी. पण जागा दीडपटीहून जास्त, आणि ती जागा पंखात नाही, कारण थर्मास गोलच हवा. म्हणजे पुन्हा खुर्च्या काढा. शिवाय प्रत्येक विमानतळावर थंड टाक्या हव्यात, आणि वाटेत दोन-तीन टक्के मिथेन जरी सांडला तरी तो पाव हिस्स्याचा फायदा बराचसा धुऊन जातो. माझं मत विचाराल तर विमानासाठी मी यावर पैसे लावणार नाही. ट्रकसाठी लावेन, पण गाडी रोज पळणारी असेल तरच.

मामांनी हा हिशोब माझ्याआधी केला होता. त्यांनी पुढच्या हंगामासाठी जुन्याच डिझेल गाडीचं इंजिन उघडून घेतलं, आणि मला रेडिएटरची नवी होज इंदूरहून आणायला सांगितली.