लाजेपायी लेकीला गप्प बसवू नका

गोटमारीच्या जत्रेत दगड लागून पोराचं डोकं फुटलं तर सावरगाव-पांढुर्ण्यात घटकाभरात बोभाटा होतो, चार जण त्याला उचलून दवाखान्यात नेतात. लेकीचा एक स्तन वाढला आणि दुसरा वाढलाच नाही, हे मात्र कधी कधी मायलाही ठाऊक नसतं. पोरगी आत कापड कोंबते, ओढणीला जास्तीची पिन लावते आणि मैत्रिणींच्या लग्नाला जाणं टाळते.

मायबहिणींनो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात. ८ ते १३ वर्षांच्या वयात एका बाजूला बोंडाखाली गाठ लागते, दुसरी काही महिन्यांनी मागून येते. हा रोग नव्हे. ही गाठ कापून काढा असं कोणी म्हणालं तर आधी मोठ्या दवाखान्यात विचारा, कारण पुढचा सगळा स्तन तिच्यातूनच होतो. ती गेली की त्या बाजूला काही वाढत नाही. तान्ह्या बाळाची छातीही कधी फुगते, थेंबभर दूध येतं. मायच्या संप्रेरकांमुळे असं होतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. मालिशवाली बाई ते पिळते, त्यात पू झाला तर वाढीची मुळी तिथेच दुखावते. पिळू देऊ नका.

काहींचा दोष जन्माचाच असतो. पोलंड सिंड्रोममध्ये एका बाजूचा छातीचा स्नायू अपुरा असतो, कधी त्याच हाताची बोटं आखूड किंवा जुळलेली असतात. लंडनच्या अल्फ्रेड पोलंडनं १८४१ मध्ये त्याची नोंद केली. काहींच्या स्तनाचा तळ आवळलेला राहतो, मग तो नळीसारखा पुढे वाढतो. यात ग्रहणाचा किंवा कोणाच्या नजरेचा काही संबंध नाही.

इलाज आहे, प्लास्टिक सर्जनकडे. आवळलेला भाग आतून मोकळा करतात, पोटा-मांडीची चरबी भरतात, पाठीचा स्नायू वळवून आणतात, सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात. कधी मोठी बाजूच लहान करतात. बहुतेक वेळा वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे १८ वर्षांपर्यंत थांबतात. भरलेली चरबी थोडी जिरते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. व्रण राहतात. अंगावर पाजता येईल का, हेही आधीच विचारा. हे समजावून सांगायला ज्या डॉक्टरला सवड नाही, त्याच्या हाती लेक देऊ नका. आणि ऑपरेशन करायचंच असा काही नियम नाही. सोयरीक जमावी म्हणून तर मुळीच नको, निर्णय पोरीचा.

आपल्याला नागपूर जवळ. तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिहानमधलं एम्स आहे. आधी तिथे विचारा. आपलं मध्य प्रदेशातलं आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातही चालतं, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे मिळत नाहीत. म्हणून जन्मजात दोष असल्याचं कागदावर लिहून घ्या आणि खर्च कार्डात बसतो का, ते भरती होण्याआधी विचारा. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सोबत बाई हजर असणं हा पोरीचा हक्क आहे.

छाती सुडौल करण्याच्या तेला-मलमांवर पैसा घालवू नका. त्यांनी काही होत नाही, आणि अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

मात्र कडक गाठ वाढत असेल, बोंडातून रक्त येत असेल, तर १८ वर्षांची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा.